गाडीचा तळ व घरचा तवा

या सदराच्या वाचकांस लोणच्याच्या बरण्या, धान्याच्या कोठ्या, पितळेच्या भांड्यांची कल्हई आणि लोकरीच्या कपड्यांस लागणारी कसर यांविषयीं वाचण्याची संवय आहे. मोटारगाडीच्या तळाशीं या सदराचा संबंध काय, असा प्रश्न कोणी केल्यास तो रास्तच ठरेल. परंतु काळ बदलला आहे. पूर्वीं ज्या अंगणांत बैलगाडी सोडलेली असे, त्याच अंगणांत आज मालवाहू व्हॅन उभी असते, आणि घरांतील आठ-दहा माणसांचा चरितार्थ तिच्यावर चालतो. जी वस्तु चुलीस धान्य पुरविते ती घरचीच वस्तु होय, व घरच्या वस्तूची निगा हाच तर आमचा विषय आहे. शिवाय जी हकीकत आम्ही आज सांगणार आहों, तींत पत्र्याइतकाच माणसांचाही संबंध आहे.

हकीकत बुलढाणा जिल्ह्यांतील आहे. तो जिल्हा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ठाऊक असेल कीं, तेथील लोक आपल्या मुलखाचे दोनच भाग मानतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या रांगेच्या माथ्याकडे बुलढाणा, चिखली, मेहकर हीं गांवें; आणि खालीं पूर्णा नदीच्या काळ्या, सपाट खोऱ्यांत मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद. लोणारच्या सरोवराचें खारें पाणी सर्वांस ऐकून ठाऊक आहे. परंतु घाटाखालच्या विहिरींचें खारें पाणी ज्यांच्या रोजच्या वांट्यास आलें, तेच तें जाणतात. पूर्णेचें खोरें अमरावती, अकोला व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलें आहे, व त्यांतील मोठ्या भागास 'खारपाणपट्टा' असेंच नांव पडलें आहे. नदीनें सांचविलेल्या गाळाच्या खोल थरांत क्षार आहेत; त्यामुळें विहीर खणा कीं बोअर पाडा, पाणी खारट लागतें. त्या पाण्यांत तुरीची डाळ शिजतां शिजत नाहीं, साबणास फेंस येत नाहीं, आणि धुतलेलें भांडें वाळलें कीं त्यावर पांढरे डाग उमटतात.

आमच्या धाकट्या वहिनींचें माहेर शेगांवच्या उत्तरेस, पूर्णेच्या बाजूला, अशाच एका गांवीं आहे. घर एकत्र आहे: आजी, दोन भाऊ, दोघांच्या पत्नी, एक विधवा आत्या व पांच मुलें. दोघां भावांनीं दहा वर्षांपूर्वीं भोजनव्यवस्थेचा धंदा काढला. मुंजी, साखरपुडे, श्राद्धपक्ष, महालक्ष्म्यांचा नैवेद्य, जें असेल तें घरीं सोंवळ्यानें शिजवावयाचें व यजमानांच्या दारीं गरम गरम पोंचवावयाचें. पांच वर्षांपूर्वीं त्यांनीं कर्ज काढून एक बंद व्हॅन घेतली. ती जुनी होती, पण तिचा तळ तेव्हां धड होता. थोरल्या भावांनीं मोठ्या हौसेनें तळावर प्लायवूडचा तक्ता बसविला, त्यावर रबरी चटई घट्ट चिकटवून घेतली, आणि आतां पत्र्यास भांड्यांचे ओरखडेसुद्धां पडणार नाहींत असें समाधान मानलें. धाकटे भाऊ स्वच्छतेविषयीं फार दक्ष. अन्नाची गाडी म्हणून ते ती रोज रात्रीं बोअरच्या पाण्यानें धूत असत. नळाचें गोडें पाणी पिण्यापुरतें व स्वयंपाकापुरतें. तें गाडीवर कोण ओतणार?

गेल्या भाद्रपदांत महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीं बुलढाण्यास मोठी मागणी होती. पुरणपोळ्यांचे डबे, सोळा भाज्या, कढी व आंबिलीचें मोठें पातेलें घेऊन गाडी खामगांवावरून बोथ्याच्या घाटानें भर पावसांत वर गेली. यजमानांच्या दारीं गाडी उभी राहिली. कॉलेजांत जाणारा थोरला मुलगा पातेलें उचलण्यास मागें चढला, आणि मागच्या चाकाच्या वरच्या बाजूस त्याचा उजवा पाय तक्त्यासकट गुडघ्यापर्यंत खालीं गेला. पत्र्याच्या कांठानें पोटरी चिरली, आंबील सांडली, नैवेद्याची वेळ टळली. जखमेस अकरा टांके पडले. गाडी उभी होती म्हणून एवढ्यावर निभावलें. हेंच घाटांत, चाक फिरत असतां, घडतें तर काय झालें असतें हें त्या घरांत कोणीं बोलून दाखविलें नाहीं, परंतु त्या रात्रीं कोणास झोंपही आली नाहीं.

दुसऱ्या दिवसापासून भावांत बोलाचाली सुरू झाली. थोरले म्हणाले, "रोज बादल्या ओतून ओतून तूंच गाडी कुजविलीस." धाकटे म्हणाले, "दादा, तक्ता तुम्हीं बसविला. खालीं काय चाललें आहे तें दिसूंच दिलें नाहींत." थोरल्या वहिनींनीं मुलास गाडींत पाऊल टाकूं द्यावयाचें नाहीं असें निक्षून सांगितलें. कर्जाचे अकरा हप्ते अजून बाकी होते. गाडी मोडींत द्यावी, हप्ते वांटून घ्यावेत आणि मग चूलही वेगळी मांडावी, येथपर्यंत गोष्ट आली. पितृपक्षांत आम्ही तेथें गेलों तेव्हां दोघे भाऊ एकाच पंक्तीस बसून एकमेकांशीं बोलत नव्हते.

आम्हीं गाडी पाहिली. तक्ता उचलला तेव्हां त्याची वरची बाजू अगदीं नीट, खालची काळी पडून कुजलेली. आणि त्याखालच्या पत्र्याचे पापुद्रे बोटानें निघत होते. परंतु एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली व तिचें आश्चर्य वाटलें. मागच्या दारापाशीं वीतभर जागेवर तक्ता पोंचत नव्हता. रोजच्या धुण्याचें पाणी सगळ्यांत जास्त तेथूनच वाहत असे. तेथील पत्र्यावर नुसती तांबूस साय होती. खालचें लोखंड शाबूत होतें. म्हणजे जेथें पाणी सर्वांत अधिक लागलें तेथें पत्रा वांचला, व जेथें तो झांकून ठेवला तेथें त्याची चाळण झाली! दोघां भावांच्या भांडणाचा निवाडा या वीतभर जागेंत होता.

तो समजण्यासाठीं गंज म्हणजे काय तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. लोखंडास गंजण्यासाठीं पाणी व हवेंतील प्राणवायु या दोहोंची गरज असते. पाण्यांत मीठ असलें म्हणजे त्यांतून विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह सुलभपणें वाहतो, व लोखंडाच्या पत्र्यावरच असंख्य लहान लहान विद्युत्‌घट तयार होतात. अशा घटाच्या एका टोंकाशीं लोखंड विरघळतें व दुसरें टोंक सुरक्षित राहतें. १९२० च्या सुमारानंतर केंब्रिज येथील यूलिक इव्हान्स या शास्त्रज्ञानें याचा एक सुंदर प्रयोग केला. स्वच्छ लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एकच थेंब ठेवला असतां थेंबाच्या कडेस, जेथें हवा भरपूर पोंचते, तेथें लोखंड टिकतें. आणि थेंबाच्या मध्यभागीं, जेथें हवा कमी पोंचते, तेथेंच तें विरघळूं लागतें. आपल्या समजुतीच्या हें अगदीं उलट आहे. पण हाच नियम गाडीच्या तळास लावून पाहा. दाराजवळची उघडी जागा म्हणजे थेंबाची कड, व तक्त्याखालची कोंदट जागा म्हणजे थेंबाचा मध्य. कोंडलेल्या ओलाव्याखालींच पत्रा खोल खाल्ला जातो. उघडी जागा तर वाऱ्यानें लौकर वाळतही असे. तक्त्याखालची कधींच वाळत नसे.

तेथें आणखी एक कारण जोडीस होतें. पावसाळ्यांत मिठाच्या बरणीस पाझर फुटतो हें प्रत्येक गृहिणीस माहीत आहे. हवेंतील दमटपणा शेंकडा ७५ च्या वर गेला कीं साधें मीठ हवेंतूनच पाणी ओढून घेतें. विहिरीच्या पाण्यांतील मॅग्नेशियमचा क्षार तर त्याहून पुष्कळ कमी दमटपणांतही ओला होतो. रोजच्या धुण्याचें पाणी उडून जाई, पण त्यांतील मीठ प्लायवूडच्या थरांत व सांध्यांत उरे, आणि दुसऱ्या दिवशींच्या मिठांत भर पडे. अशा रीतीनें श्रावण-भाद्रपदांत गाडी धुतली नाहीं तरी तिचा तळ ओलाच राहूं लागला. त्यांतून गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळें दोन पत्र्यांच्या जोडांत तो शिरला म्हणजे पाचर ठोकावी तसा जोड फांकवितो, व पाण्यास आणखी वाट करून देतो. घाटाखालचा काळा चिखलही असाच आहे. तो गाडीच्या पोटास चिकटून राहतो, लौकर वाळत नाहीं, व खालून तेंच काम करतो.

हें सर्व आम्ही ओटीवर बसून सांगत होतों, तेव्हां आजी आंत पोळ्यांचा तवा पुशीत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "साठ वर्षें हा तवा धुतें आहें मी. धुतलें तें पाप नव्हे. ओलें ठेवून झांकलें तें पाप. तवा धुवावा, पुसावा, चुलीच्या आंचेवर क्षणभर धरावा, तेलाचा हात फिरवावा, आणि उभा टेकून ठेवावा. तुमच्या गाडीचा तळ हा मोठा तवाच कीं नाहीं?" एवढें बोलून त्या आंत गेल्या. दोघेही भाऊ खालीं पाहूं लागले. धाकट्यांनीं धुतलें तें योग्यच होतें. थोरल्यांनीं पत्रा झांकला तोही मायेनेंच. मधलें पुसणें व वाळविणें मात्र कोणाच्याच वांट्यास आलें नव्हतें. एकत्र कुटुंबांत नुकसान होतें तें पुष्कळदां असेंच होतें. दोघांनीं केलेल्या कामांच्या मधल्या फटींत.

आजींच्या सूत्रांतून जो नियम निघतो तो असा: पाणी मुळींच आंत शिरणार नाहीं अशी व्यवस्था करावी, किंवा शिरलेलें पाणी सुखानें निघून जाईल अशी व्यवस्था करावी. या दोहोंपैकीं कोणतीही एक चालेल. पाणी शिरतें पण निघत नाहीं, ही मधली स्थिति मात्र घातक. चिकटविलेली रबरी चटई, तळाशीं सपाट बसविलेला तक्ता, बुजलेलीं निचऱ्याचीं भोंकें, या सर्वांनीं ही मधली स्थितीच उत्पन्न होते.

आतां दुरुस्ती कशी केली तें सांगतों, म्हणजे वाचकांस आपल्या गाडीस लागूं करतां येईल. प्रथम तळ पूर्ण मोकळा करून नळाच्या गोड्या पाण्यानें दोन वेळां धुतला. कारण मीठ आंत ठेवून वर रंग लावणें व्यर्थ होतें. मग दारें उघडीं टाकून तीन दिवस आश्विनाच्या उन्हांत गाडी वाळविली. नंतर लहान हातोडीनें तळ ठोकून पाहिला: धड पत्रा खणखणीत वाजतो, गंजलेला बद्द वाजतो. जेथें पेचकसाचें टोंक आंत गेलें तेथें खडूनें खूण केली. गाडीखालीं जाऊन आडवे पट्टेही असेच तपासले. हे पट्टे किंवा मुख्य सांगाडा कुजला असेल तर तें घरगुती काम नव्हे. जाणत्या कारखानदाराचाच सल्ला घ्यावा. सुदैवानें येथें पट्टे शाबूत होते.

कुजलेला भाग कापतांना तो चांगलें लोखंड लागेपर्यंत कापावयास हवा. गंजलेल्या कांठावरच ठिगळ जोडलें तर पुढच्या पावसाळ्यांत ठिगळ राहतें व कांठ जातो. वेल्डिंगपूर्वीं बॅटरीची तार सोडविणें, आणि इंधनाची नळी व विजेच्या तारा कोठून गेल्या आहेत तें पाहून त्या दूर करणें, ही खबरदारी कारागिरास आठवण करून देऊन घ्यावी. त्यांत संकोच मानूं नये. उरलेल्या तळावरील सुटा गंज वायर-ब्रशनें व पॉलिशपेपरनें घासून काढला. जेथें खळग्यांत गंज उरला तेथें फॉस्फरिक आम्लाचें, गंजाचें रूपांतर करणारें औषध लावलें. तें हातमोजे व चष्मा घालूनच लावावें, आणि सुट्या पापुद्र्यांवर लावूं नये. तेथें तें वरच्यावर राहतें. त्यानंतर प्रायमरचे दोन हात, मग सांध्यांत लवचिक सीलंट, मग रंग. प्रत्येक हात पुरता वाळल्याशिवाय पुढचा हात दिला नाहीं. अन्नाची गाडी असल्यामुळें रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत आठ दिवस ती कामावर काढली नाहीं.

येथें प्रायमरविषयीं थोडें सांगणें जरूर आहे. वऱ्हाडांत जवसाचें तेल मुबलक. त्या तेलांत शेंदूर कालवून लोखंडास लावण्याची जुनी वहिवाट होती, आणि ती गुणकारीही होती. परंतु शेंदूर म्हणजे शिशाची भुकटी. ती घासतांना उडालेली धूळ मुलांच्या पोटांत जाणें फार वाईट. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम आपल्या सरकारनें २०१६ सालीं केला तो याच कारणानें. म्हणून ज्या गाडींतून अन्न न्यावयाचें तिला जुना शेंदूर लावूं नये. जस्ताच्या संयुगांचे प्रायमर आज सहज मिळतात, ते घ्यावेत.

जस्ताचा गुण आमच्या भगिनींस कल्हईच्या उदाहरणानें लौकर कळेल. तेलाचा डबा म्हणजे लोखंडी पत्र्यावर कथिलाचा मुलामा. तो मुलामा अखंड आहे तोंवर डबा चकचकीत. पण एक चरा पडला कीं तेथलें लोखंड उलट लौकर गंजतें, कारण कथिल स्वतः वांचतें व लोखंडास पुढें करतें. जस्ती बादलीचें तसें नाहीं. तिला चरा पडला तरी जस्त आधीं स्वतः झिजतें, आणि शेजारच्या लोखंडास वांचवितें. लोखंड तप्त जस्तांत बुडविण्याच्या कृतीचें पेटंट फ्रान्समध्यें सोरेल यांनीं १८३७ सालीं घेतलें, तेव्हांपासून जगभर बादल्यांपासून पुलांपर्यंत हीच युक्ति चालू आहे. म्हणून ठिगळास साध्या पत्र्याऐवजीं जस्तविलेपित पत्रा घेतल्यास थोडे पैसे अधिक पडतात, पण ते वायां जात नाहींत. मात्र वेल्डिंगच्या जागीं जस्त जळून जातें व त्याचा धूर बाधतो. तेव्हां जोडाच्या कडेचें जस्त आधीं घासून काढावें, काम उघड्या हवेंत करावें, आणि जोडावर मागाहून जस्ताचा प्रायमर पुन्हां द्यावा.

कोणी म्हणेल कीं, दिल्लीजवळ मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशें वर्षें उन्हापावसांत उभा आहे, त्यास कोणीं प्रायमर लावला? त्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण जास्त असल्यामुळें त्यावर एक पातळ, घट्ट कवच बसलें आहे, आणि त्यावर पडलेलें पाणी ओघळून लगेच वाळतें. त्या स्तंभावरही कोणीं ओला तक्ता बांधून ठेवला असता तर आज त्याची काय दशा असती, कोण जाणे! पूर्वजांच्या कौशल्याचा अभिमान असावा, पण आपल्या गाडीचा पत्रा त्यांनीं केलेला नाहीं, हें विसरूं नये.

तळावर पुन्हां काय घालावें याविषयीं घरांत बराच खल झाला. दुकानदारानें नक्षीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सुचविला. तो दिसण्यांत छान खरा. पण खाऱ्या पाण्यांत लोखंड व ॲल्युमिनियम एकमेकांस टेकले म्हणजे बहुधा ॲल्युमिनियम झिजतें, धुण्याच्या सोड्यानेंही तें खराब होतें, आणि त्याखालीं पाणी कोंडण्याचा दोष राहतोच. शेवटीं समुद्री प्रतीचें, म्हणजे मानक क्रमांक ७१० चें, प्लायवूड घेतलें. प्लायवूडमध्यें पाणी शिरतें तें पृष्ठभागापेक्षां कापलेल्या कडांतून व भोंकांतून. म्हणून कापून व भोंकें पाडून झाल्यावर प्रत्येक कडेस रंगाचे तीन हात दिले. तक्ता एकसंध न ठेवतां त्याचे तीन तुकडे केले, म्हणजे एकट्या माणसासही तो उचलतां यावा. खालीं बोटभर उंचीच्या रबरी पट्ट्या लांबीच्या दिशेनें ठेवल्या, म्हणजे हवा खेळेल व पाणी दाराकडे वाहील. पट्ट्या आडव्या ठेवल्या असत्या तर त्याच बांध झाल्या असत्या. प्रत्येक तुकडा चारच बोल्टांनीं अडकविला व बोल्टांच्या भोंकांत सीलंट भरलें. तळाचीं बुजलेलीं निचऱ्याचीं भोंकें तारेनें मोकळीं केलीं. पातेल्यांखालीं उंच कांठाचें ताट ठेवण्याची प्रथा घातली; आंबील व ताक हीं आंबट द्रव्यें पत्र्यापर्यंत पोंचूंच नयेत हें बरें.

दोन गोष्टींविषयीं वाचकांस सावध करणें आमचें कर्तव्य आहे. गाडीच्या पोटास काळें डांबरी लेपन करून देणारे पुष्कळ भेटतात. कोरड्या, स्वच्छ व प्रायमर दिलेल्या पत्र्यावर तें उत्तम. परंतु गंज व चिखल यांवरच फांसलें तर तें फक्त डोळ्यांआड करतें, आणि आंतल्या आंत रोग वाढतो. दुसरी गोष्ट याहून गंभीर. तळास पडलेलें भोंक लहान असलें तरी इंजिनाचा धूर त्यांतून आंत येऊं शकतो, व त्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. डोकें दुखतें, मळमळतें, व माणसास वाटतें कीं प्रवासानें झालें. लांबच्या प्रवासांत मागें बसणाऱ्या मुलांस वारंवार असें होत असेल, तर मोरावळा देण्याआधीं गाडीचा तळ पाहावा.

राहतां राहिली रोजची रीत. ती घरांत कागदावर लिहून दारामागें लाविली आहे. रात्रीं गाडी बोअरच्या पाण्यानें धुतली तरी शेवटची एक बादली गोड्या पाण्याची. मग कोरड्या फडक्यानें पुसणें. चटई काढून दोरीवर टाकणें. गाडी तोंड किंचित् उंच करून उभी करणें, म्हणजे पाणी मागच्या दाराकडे येईल. आणि दारें अर्धा तास उघडीं. दर शनिवारीं एक तक्ता उचलून खालीं हात फिरवावयाचा. तीन आठवड्यांत तिन्ही तक्ते होतात. दिवाळीनंतर गाडीच्या पोटाचा चिखल काढावयाचा. आणि वर्षाची मोठी तपासणी अक्षय्य तृतीयेस. त्या दिवशीं जळगांव जामोद तालुक्यांत भेंडवळ येथें घट मांडतात, व दुसऱ्या दिवशीं पहाटे पाऊसपाण्याचें भाकीत ऐकण्यास दूरदूरचे शेतकरी जमतात. भाकीत कसेंही निघो, मृगापूर्वीं आपला तळ पाहून ठेवावा हें बरें. रंग उडालेली जागा रुपयाएवढी असतांना ती एका दुपारचें काम असते. ताटाएवढी झाल्यावर ती कारखान्याचें काम होते.

दुरुस्तीस एकंदर सत्तावीस हजार रुपये लागले, व गाडी पंचवीस दिवस बंद राहिली. हा खर्च कोणाच्या नांवें घालावा हा प्रश्न पुन्हां निघालाच. तेव्हां आत्यांनीं सुचविलें कीं, तो दोघांच्याही नांवें न घालतां घराच्या खर्चांत, 'तवा पुसला नाहीं' या नांवानें लिहावा. वहीच्या त्या पानावर तो तसाच लिहिलेला आम्हीं पाहिला. भाऊ त्यावर हंसले कीं नाहीं हें आम्हांस सांगतां यावयाचें नाहीं. पण दोघांनीं त्याखालीं सही केली आहे.

यंदा अक्षय्य तृतीयेस आम्ही पुन्हां त्या घरीं होतों. तक्ते काढून अंगणांत भिंतीस टेकून ठेविले होते. मुलाची पोटरी बरी झाली आहे, व्रण मात्र राहिला आहे. त्याच्या आईनें त्यास गाडींत चढण्याची परवानगी दिली ती एका अटीवर: चढण्यापूर्वीं तळ त्यानें स्वतः ठोकून पाहावयाचा. तो हातोडी घेऊन ठोकीत होता व धाकटे काका बाहेरून कान लावून ऐकत होते. थोरले भाऊ ओल्या फडक्याची पिळणी करीत होते. ठोकून झाल्यावर आजी काठी टेंकीत आल्या, पत्र्यावरून बोट फिरविलें, बोटाकडे पाहिलें, व "कोरडें आहे" एवढेंच म्हणून आंत गेल्या. दुसरी चूल अद्याप मांडली गेलेली नाहीं.